ऐकू येते, पण समजत नाही

कानावरून आपल्या मराठीत किती वाक्प्रचार आले आहेत! एखादी गोष्ट टाळायची असली की आपण तिच्याकडे कानाडोळा करतो. जबाबदारी नको असली की कानांवर हात ठेवतो. कुणाला ताळ्यावर आणायचे असेल तर त्याचे कान उपटतो, आणि गुपित सांगताना भिंतीलाही कान असतात म्हणून आवाज खाली आणतो. मात्र या कानाच्या आत काय असते असे कुणी विचारले असते, तर गेल्या वर्षापर्यंत मी 'पडदा' एवढेच उत्तर देऊन गप्प बसले असते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक हाती धरलेले नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण माझे वडील.

आमचे घर इचलकरंजीचे. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे या गावाला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणू लागले, हे आपण सर्वजण जाणतोच. माझे वडील, म्हणजे अप्पा, वयाच्या अठराव्या वर्षी मागावर उभे राहिले. त्याला आता 28 वर्षे झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी प्रथम वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी धावत घरी गेले आणि दारातूनच ओरडले, "अप्पा, पास!" अप्पा रातपाळी करून, थोडे झोपून नुकतेच उठले होते. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विचारले, "कुणाला ताप?"

घरातले सगळे हसले. मीही हसले. आम्ही हसतो आहोत हे पाहून अप्पाही हसले. पण आम्ही कशाला हसतो आहोत हे त्यांना कळलेले नव्हते. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, आणि आपण किती चुकीचे वागलो हे त्याच क्षणी समजले. मी जवळ जाऊन आणखी मोठ्याने ओरडले तेव्हा ते म्हणाले, "वरडू नको गं. ऐकू येतंय मला. काय म्हणतीस ते समजंना."

ऐकू येते, पण समजत नाही, हे कसे शक्य आहे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडत आहे.

कानाच्या आतले घर

आपण ज्याला कान म्हणतो तो नुसता दरवाजा आहे. खरे घर आत आहे. बाहेरून आलेल्या ध्वनिलहरी पडद्यावर आदळतात. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे एकमेकांना जोडलेली आहेत. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे आहेत. यांपैकी रिकीब हे आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड. ही हाडे पडद्याची थरथर पुढे ढकलतात. पडद्यापासून येथपर्यंतचा भाग म्हणजे मध्यकर्ण.

त्याच्या पलीकडे कवटीच्या अत्यंत कठीण हाडात लपलेला असतो तो आंतरकर्ण. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेटोळ्यांची एक नळी असते. आकाराने ती वाटाण्याएवढी. उलगडून सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरेल. मी तिला या लेखात नुसते 'शंख' म्हणणार आहे. शंखात द्रव असतो आणि त्याच्या लांबीभर सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. द्रवात लाटा उठल्या की हे केस झुकतात, त्यातून विजेचा संदेश निर्माण होतो आणि श्रवणाच्या मज्जातंतूतून तो मेंदूकडे जातो. एका कानात या पेशी सुमारे पंधरा-सोळा हजारच असतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात हे लक्षात घेतले, म्हणजे कानाला निसर्गाने किती मोजके धन दिले आहे ते कळते.

या शंखाची खुबी उलगडून दाखविली ती जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने. मुळात तो टेलिफोनच्या कामातला माणूस. टेलिफोनचा आवाज सुधारायचा तर तो ऐकणारा कान कसा चालतो हे कळले पाहिजे, या विचाराने तो या संशोधनात शिरला आणि 1961 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. शंखाच्या तोंडाशी असलेला भाग उंच, तीक्ष्ण स्वरांना प्रतिसाद देतो आणि टोकाकडचा भाग खर्जाच्या स्वरांना. म्हणजे बाजाच्या पेटीवर जशा ओळीने पट्ट्या मांडलेल्या असतात, तशा या केशपेशी ओळीने मांडलेल्या आहेत. पेटीच्या काही पट्ट्या बिघडल्या तर पेटी मुकी होत नाही, पण गाणे मात्र ओळखू येत नाही. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच होते.

माग आणि कान

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे मोजमाप आपल्या वजनकाट्यासारखे नाही. दर 10 डेसिबल वाढले की आवाजातील ऊर्जा दसपट होते. आपले साधे बोलणे 60 डेसिबलच्या आसपास असते. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ते 95 ते 100 च्या घरात जाते. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा या टोकाकडून त्या टोकाला मारला जातो, आणि असे कित्येक माग एका पत्र्याखाली चालू असतात. 60 आणि 100 यांत दिसायला 40 चा फरक, पण ऊर्जेचा विचार केला तर तो दहा हजार पटींचा!

कान किती सोसू शकतो याविषयी शास्त्रज्ञांत सर्वमान्य झालेला एक हिशेब आहे. 85 डेसिबलमध्ये दिवसाला 8 तास. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 94 ला 1 तास, 97 ला अर्धा तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटे. हा हिशेब मी वहीत मांडला आणि शेवटच्या ओळीपाशी माझे पेन थांबले. अप्पांची पाळी 12 तासांची असते.

वाऱ्याने शेतातला शाळू आडवा होतो. वारा थोडाच वेळ असेल तर तो पुन्हा उभा राहतो. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे नाचून आल्यावर आपले कान रात्रभर बधिर होतात आणि सकाळी सुधारतात, ते असेच. पण रोज तेच वादळ आले तर ताट मोडते आणि मोडलेले ताट पुन्हा उभे राहत नाही. माणसाची केशपेशी एकदा मेली की तिच्या जागी नवी येत नाही. पक्ष्यांच्या कानात ती पुन्हा उगवते, असे 1980 नंतरच्या दशकातील संशोधनातून दिसून आले. माणसाला मात्र ते वरदान नाही.

मोठ्या आवाजाने सर्वांत आधी मार बसतो तो 4000 हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे उंच स्वर टिपणाऱ्या पेशींना. आता आपल्या भाषेकडे पाहू. 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस. तर 'स', 'श', 'त', 'प', 'फ' या व्यंजनांचा आवाज क्षीण आणि त्याची ओळख पटविणारा भाग बहुतेक वरच्या पट्टीचा. त्यामुळे अशा माणसाला शब्दाचा गाभा ऐकू येतो, कडा ऐकू येत नाहीत. 'पास' मधला 'आ' अप्पांना ऐकू आला होता. मागची-पुढची अक्षरे त्यांनी अंदाजाने भरली. आणि गरिबाच्या घरात कुणी धावत बातमी घेऊन आले, तर ती आजारपणाचीच असणार, असाच अंदाज कुणीही करील.

अप्पांच्या तोंडून आणखी एक गोष्ट कळली. सुट्टीच्या दिवशी सारे शांत असतानाही त्यांच्या कानात माग चालू असतो. केशपेशी दगावल्या की पुष्कळांच्या कानात असा सतत आवाज राहतो. आजवर त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते.

हे ज्ञान काही कालचे नाही. तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर बहिरे होतात, असे रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले. 1886 साली ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बनविणारे शंभर कामगार तपासले. त्यांतील एकाचेही कान धड नव्हते. मूळ मँचेस्टरच्या आसपासच्या, लँकेशायरमधील कापड गिरण्यांत बायका ओठांच्या हालचालींनी आणि खुणांनी बोलत. आमच्याकडेही मागावर तसेच बोलावे लागते. आपल्या देशातही 1948 च्या कारखाना कायद्याच्या रोगसूचीत आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची पुढे नोंद झाली. पण थोडेथोडे माग असलेल्या लहान शेडपर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोचतो.

इतर कारणे

सगळाच बहिरेपणा आवाजाने येतो असे मात्र नाही. कानात मळ साचणे, कान फुटून वाहणे, हाडांची हालचाल गोठणे हे बाहेरच्या किंवा मधल्या कानाचे बिघाड. त्यांत औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पुष्कळदा ऐकणे सुधारते. आंतरकर्णाचे बिघाड मात्र वेगळे.

त्यांतले पहिले कारण वाढते वय. दुसरे काही औषधे. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे इंजेक्शन 1943 साली सापडले आणि त्याने असंख्य जीव वाचविले. पण त्याने व त्याच्या जातीच्या काही औषधांनी कित्येकांच्या केशपेशी मारल्या. अशी औषधे चालू असताना कानात आवाज येऊ लागला किंवा तोल जाऊ लागला, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगितले पाहिजे. तिसरे कारण संसर्ग: मेंदूज्वर, गालगुंड, आणि गर्भारपणी आईला झालेला रुबेला. रुबेलाने मूल जन्मतः बहिरे होऊ शकते. त्याची लस गोवराच्या लशीबरोबर 2017 पासून आपल्या देशात टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली.

चौथे कारण आनुवंशिक. येथे आपल्या भागाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करणे हे नाते घट्ट करणे मानतात. परंतु बहिरेपणाचा एखादा जनुकदोष घराण्यात लपून असेल, तर नात्यातल्या लग्नात तो आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी मुलात येण्याची शक्यता वाढते. दोष कुणा एकाचा नसतो. पण बोल मात्र सुनेलाच लागतो.

आंतरकर्णाचे दुसरे काम म्हणजे तोल सांभाळणे. शंखाशेजारीच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि सूक्ष्म खड्यांची एक रचना आहे. हे खडे निसटून नळीत गेले की कुशीवर वळताच सारे घर फिरू लागते. माझ्या आजीला 'पित्त' म्हणून याच चकरांसाठी कितीतरी वर्षे सोडे-लिंबू दिले जात होते. शेवटी एका डॉक्टरांनी तिला आडवी करून, तिचे डोके ठरावीक क्रमाने वळवून ते खडे जागी नेले. जॉन एप्ली या डॉक्टरांनी 1992 साली प्रसिद्ध केलेली ही रीत काही मिनिटांची आहे. दुसऱ्या वेळेनंतर आजीच्या चकरा थांबल्या. मात्र चक्कर, कानात दडे, गुणगुण आणि कमी ऐकू येणे ही सारी एकदम झटक्याने येऊ लागली, तर तो पॅरिसच्या मेनिएर यांनी 1861 साली वर्णिलेला विकार असू शकतो. त्याला मीठ कमी करण्यापासून औषधांपर्यंत वेगळे उपचार आहेत.

आणि एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. सकाळी उठल्यावर एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर 'सर्दी असेल' म्हणून थांबू नये. ती तातडीची अवस्था आहे. पहिल्या काही दिवसांत स्टेरॉइडचे उपचार सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची आशा असते. महिना उलटल्यावर ती फारशी राहत नाही.

उपाय काय?

प्रथम काय करू नये ते सांगते. अप्पांनी एका जाहिरातीतले थेंब वर्षभर कानात घातले, गरम तेल घातले, लसणाचा रस घातला. यांतले काहीही शंखापर्यंत पोचत नाही; मध्ये पडदा आहे. आणि पोचले असते तरी मेलेली पेशी तेलाने उगवत नाही.

शेवटी मी त्यांना एका रुग्णालयात घेऊन गेले. काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन लावून त्यांना बसविले. आवाज ऐकू आला की हातातले बटण दाबायचे. खर्जाच्या स्वरांना ते भराभर दाबत होते. मग तपासणाऱ्या बाई एकेक स्वर चढवीत गेल्या आणि अप्पांचा अंगठा थांबला. ते बटण धरून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे, समोर पाहत राहिले. हातात आलेल्या आलेखावरची रेघ आधी सरळ जात होती आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. सरासरी आली 48 डेसिबल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांचे नुकसान 60 डेसिबलपासून पुढे असेल तरच तो माणूस दिव्यांगांत मोडतो. म्हणजे अप्पा धड ऐकणाऱ्यांत नाहीत आणि सवलत मिळणाऱ्यांतही नाहीत.

त्यांच्यासाठी उपाय एकच, श्रवणयंत्र. त्यासाठी दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम लागली. हल्लीचे यंत्र सगळेच आवाज सरसकट वाढवीत नाही. आलेख पाहून जे स्वर गेले आहेत तेच उचलते. तरीही पहिल्या दिवशी भांडे पडले आणि अप्पांनी यंत्र काढून फेकले. केशपेशी गेलेल्या कानाला हलका आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सोसत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. 'वरडू नको' याचा अर्थ तेव्हा उमगला. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. रोज थोडा थोडा वेळ लावत त्यांनी ती करून घेतली. यंत्राने कान नवे होत नाहीत. पण आता ते आईशी हळू आवाजात बोलतात, आणि ते ऐकून आई पहिल्या दिवशी रडली.

ज्यांच्या केशपेशी जवळजवळ सगळ्याच गेल्या आहेत, त्यांना यंत्राचा उपयोग नसतो. त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट आहे. यात शंखात बारीक तार सरकवून, मेलेल्या पेशींना वगळून थेट मज्जातंतूलाच विजेचे संदेश देतात. 1957 साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी याची सुरुवात केली. 1978 साली मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी अनेक वाहिन्यांचे यंत्र बसविले. जन्मतः बहिऱ्या मुलाला ते जितक्या लवकर बसवावे तितके ते मूल चांगले बोलते. म्हणून बाळाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी. काही मिनिटांचे, न दुखणारे ते काम असते. पात्र मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून हे यंत्र मिळू शकते, आणि मुंबईत वांद्र्याला 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामात मार्गदर्शन करते. 2024 साली तर एका विशिष्ट जनुकदोषाने बहिऱ्या असलेल्या मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मात्र तो दोष विरळा आहे. अप्पांच्या कानांना त्याचा उपयोग नाही.

राहिला सर्वांत स्वस्त उपाय, प्रतिबंध. स्पंजचे बोळे काही रुपयांना मिळतात. बोटांनी वळून, नीट आत बसविले तर ते आवाज बराच कमी करतात. आपणा विद्यार्थ्यांसाठीही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालेल, 90 चा फक्त 4 तास. इअरफोनमधला आवाज अर्ध्यावर ठेवला तर आपले काही बिघडत नाही.

थोडे आपल्याविषयी

बीथोवेनने 1802 साली आपल्या भावांना लिहिलेल्या, पण कधीही न पाठविलेल्या पत्रात अशी व्यथा मांडली आहे की, 'मोठ्याने बोला, मी बहिरा आहे' असे लोकांना सांगणे मला शक्य होत नाही. एवढ्या थोर कलावंताला जी लाज वाटली, तीच आमच्या गल्लीतल्या विणकराला वाटत होती. अप्पांनी लग्नकार्याला जाणे सोडले होते. मित्रांच्या कट्ट्यावर बसणे सोडले होते. आम्ही समजत होतो, त्यांचा स्वभावच तुटक झाला. खरे सांगायचे तर मागील वर्षी स्नेहसंमेलनाला पालकांना बोलावले तेव्हा मी घरी निरोपच दिला नाही. ते सरांपुढे मोठ्याने बोलतील, भलतेच उत्तर देतील, याची मला लाज वाटली. ही कबुली या पानावर द्यावी असे मनात होते, ती दिली.

कमी ऐकू येणाऱ्याशी कसे बोलावे? समोर जाऊन, आपल्या तोंडावर उजेड पडेल असे उभे राहून. ओरडून नव्हे, सावकाश. एक शब्द कळला नाही तर तोच दहा वेळा न म्हणता दुसरा शब्द वापरून. आणि 'काही नाही, सोडा' असे कधीही न म्हणता. हे उपचार कुठल्याही रुग्णालयात मिळत नाहीत. ते घरच्यांनीच करायचे असतात.

माझा थोरला भाऊ गेल्या वर्षापासून त्याच शेडमध्ये माग चालवतो. तो कानांत बोळे घालून कामावर जातो. सोबतचे लोक हसतात. पण रोज डब्याबरोबर बोळे घेतले का, हे अप्पा स्वतः विचारतात. दादाचे कान अजून शाबूत आहेत.

या वर्षी निकाल लागेल तेव्हा मी दारातून ओरडणार नाही. आत जाऊन, अप्पांच्या समोर बसून, त्यांनी माझ्याकडे पाहिले की मगच सांगणार आहे.

(द्वितीय वर्ष, कला)